गाडी उभी राहून बिघडते: देखभाल आणि एका दिवसाची भटकंती

चौथा गिअर

देखभालीबद्दल विचारलं की गप्पा भटकंतीकडे वळतात आणि भटकंतीबद्दल विचारलं की गाडी बॅटरीवर येऊन अडते. म्हणून दोन्ही विषय या धाग्यात एकत्र घेतोय.

माझं म्हणणं असं, की बहुतेकांची गाडी चालवून खराब होत नाही, न चालवून होते. किंवा तुटक तुटक चालवून. दोन-तीन किलोमीटर जायचं, बंद करायची, तेवढंच परत यायचं. यात इंजिन पुरतं तापतच नाही. इंधन जळताना पाण्याची वाफ होते, त्यातली थोडी पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरते. थंड इंजिनात न जळलेलं इंधनही थोडं त्यात मिसळतं. इंजिन चांगलं तापून बराच वेळ चाललं तर हे सगळं उडून जातं, नाहीतर साचत राहतं. ऑइलच्या झाकणाच्या आत कधी कधी पांढरट-पिवळा चिकट थर दिसतो ना, तो यातलाच. (डिपस्टिकवरही, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरही, तसाच दुधाळ रंग असेल आणि इंजिन गार ठेवणारं कूलंट कमी होत असेल तर मात्र प्रकरण वेगळं. हेड गास्केट, म्हणजे इंजिनात कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील, तपासून घ्या.)

सायलेन्सर आतल्या पाण्याने गंजतो. ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो. नव्या डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा डीपीएफ असतो. त्यात जमलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि सिग्नलमागून सिग्नल करत जाताना ते सहसा मिळत नाही. मोकळ्या रस्त्यावर एका लयीत पंधरा-वीस मिनिटं गाडी पळाली की काम होतं. डीपीएफ भरत आल्याचा डॅशबोर्डवरचा दिवा दिसत असूनही रोज त्याच छोट्या फेऱ्या मारत राहणाऱ्यांची पुढची भेट गॅरेजमध्ये होते.

तेव्हा महिन्यातून एकदोनदा तरी गाडी तास-दीड तास मोकळी पळवावी असं माझं मत. पळवायचीच आहे तर मजाही करू, आणि मजा करता करता गाडीची तपासणीही उरकू.

तुम्ही काय करता ते लिहा. ठिकाणांची नावं नकोत, प्रत्येकाचं गाव वेगळं. कुठेही जमतील अशा कल्पना हव्यात.

पाचपन्नास

रुमाल टाकून ठेवते. डीपीएफच्या दिव्याचं आत्ता कळलं!

सांजवेळ

आमची गाडी आठवडाभर जागची हलत नाही. दर रविवारी खाली जाऊन दहा मिनिटं चालू ठेवते, तेवढ्यात काचा पुसते आणि बंद करून वर येते. तरी बॅटरी बसली. मेकॅनिक म्हणतो बदला. नवीन घातली तर तीही अशीच बसेल का?

जुना पान्हा

सांजवेळताई, बसेल. उभ्या जागी चालू ठेवण्याचा फायदा जवळजवळ नाहीच.

गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉक, घड्याळ, कॉम्प्युटर हे थोडी थोडी वीज खात असतात. धडधाकट गाडीत हे खाणं ५० मिलिअँपिअरच्या आत असतं. समजा ५० धरलं, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, आठवड्याला आठाच्या वर. तुमची बॅटरी ४५ अँपिअर-तासांची असेल तर जवळपास पाचवा हिस्सा नुसत्या उभं राहण्यात गेला. दहा मिनिटांत हे भरून निघत नाही, कारण इंजिन मंद फिरत असताना बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटरही हात राखून देतो, आणि जे देतो त्यातलं बरंचसं पंखा-दिवे आधीच उचलतात. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे बसतात. एकदा ते कडक झाले की कितीही चार्ज करा, पहिली ताकद येत नाही.

घरात साधा मल्टिमीटर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी स्टार्टर मारायच्या आधी मोजा. १२.६ व्होल्ट किंवा वर दिसलं तर भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२च्या खाली असेल तर रिकामीच समजा. मग गाडी सुरू करून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५च्या दरम्यान आलं तर आल्टरनेटर ठीक आहे. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम वरखाली करतो, त्यामुळे एकदाच मोजून घाबरू नका.

आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास फिरवून आणा. ते जमत नसेल तर बॅटरी भरलेली राखणारा मेंटेनर चार्जर मिळतो, तो लावून ठेवा. महिनाभर परगावी जाणार असाल तर निगेटिव्हची वायर सोडवून ठेवली तरी चालतं. पण बॅटरी डिकीत असेल आणि डिकी विजेच्या लॉकवर असेल तर आधी किल्लीने ती उघडते का ते बघा. आणि इतके दिवस हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेक चिकटतात. सपाट जागा, पहिला गिअर आणि चाकांना दगड, बस्स.

खुळखुळा

काका, जंप स्टार्टचा क्रम एकदा नीट लिहून ठेवा. दर वेळी मोबाइलवर शोधतो आणि नेमकी तेव्हाच रेंज नसते.

जुना पान्हा

लिहून डिकीत ठेवा. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना स्पर्श नको. लाल वायर आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं काळं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला. बॅटरीवर नाही. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, दोघांची गाठ पडायला नको. चांगली गाडी सुरू करा, पाचेक मिनिटं थांबा, मग दुसरी सुरू करून बघा. काढताना बरोबर उलट क्रम. चालू झाली की लगेच घरासमोर बंद करू नका, चांगली तासभर फिरवा.

काजवा

ईव्हीवाल्यांनी काय करायचं? आमच्यात ऑइल नाही, सायलेन्सर नाही, डीपीएफही नाही. घरी बसू का?

चौथा गिअर

बसू नका. बहुतेक ईव्हीतही लॉक, स्क्रीन, कॉम्प्युटर चालवायला १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच, आणि ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. शिवाय तुमचे ब्रेक फार कमी वापरले जातात, कारण वेग कमी करायचं काम मोटरच करते. डिस्क गंजतात. मोकळ्या रस्त्यावर मागे कोणी नसताना चारदोन वेळा ब्रेक चांगला दाबून घ्या. बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर मोठी बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका, अर्ध्याच्या आसपास बरी.

जुना पान्हा

आता तपासणीचं सांगतो. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक ‘काहीतरी आवाज येतो’ म्हणून आलं की मी विचारायचो, कधी येतो? वळताना, ब्रेकवर, खड्ड्यात, वेगात? उत्तर ठरलेलं: ‘ते नाही बघितलं.’ तेव्हा महिन्याची फेरी मारताना निदान पहिली पंधरा मिनिटं गाणी बंद, पंखा बंद, गप्पा बंद.

दोन्ही बाजूंच्या काचा खाली घ्या आणि कडेला लांब भिंत असलेला शांत रस्ता गाठा. तीसच्या वेगाने भिंतीलगत चला. भिंतीवर आपटून चाकांचा आवाज सरळ कानात येतो, एरवी तो ऐकूच येत नाही. वेगाबरोबर जलद होणारी बारीक टिकटिक आली तर टायरच्या खाचेत खडा आहे, किंवा खिळा. थांबून बघा. ब्रेकवर पाय नसताना बारीक चीं-चीं येते आणि ब्रेक दाबला की थांबते, असं असेल तर पॅड संपत आल्याची पत्री डिस्कला घासतेय. ती पत्री त्यासाठीच दिलेली असते.

मग मोकळी जागा बघून स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि हळूहळू गोल चक्कर मारा. नंतर दुसऱ्या बाजूला. कट-कट-कट आलं तर इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा बाहेरचा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, गेला. साठ-सत्तरच्या वेगात विमानासारखी घरघर येत असेल आणि लांब वळणावर ती कमी-जास्त होत असेल तर व्हील बेअरिंग. वळताना वजन ज्या बाजूला जातं त्या बाजूचं बेअरिंग जास्त ओरडतं, त्यावरून कुठलं ते कळतं.

ऐंशी ते शंभरच्या दरम्यान स्टेअरिंग थरथरतं आणि त्याहून कमी-जास्त वेगात थांबतं, ते बहुतेक वेळा चाकांच्या बॅलन्सिंगचं. ब्रेक दाबल्यावरच थरथरतं तेव्हा डिस्ककडे बघायचं. सरळ सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटला पळण्याआधी चारही टायरची हवा तपासा, निम्म्या वेळा तिथेच मिटतं.

घरी आल्यावर दोन कामं. प्रत्येक चाकाजवळ हात न्या, लावू नका. बाकीच्यांपेक्षा एकच चाक जास्त धगधगत असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाहीये. आणि रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरा. सकाळी स्वच्छ पाणी दिसलं तर एसीचं आहे, सोडून द्या. हिरवा किंवा गुलाबी, चिकटसर डाग म्हणजे कूलंट. तो लगेच पुसून घ्या, चवीला गोड असतो आणि कुत्र्या-मांजरांसाठी जहर. काळपट तेलकट म्हणजे इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं तर ब्रेक ऑइलची शंका घ्या आणि गाडी हलवू नका.

पाचपन्नास

काका, हे छापून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतेय.

खुळखुळा

आमच्याकडे खड्ड्यात खुळखुळ यायची. सस्पेन्शनवर चर्चासत्र झालं. शेवटी दाराच्या कप्प्यात लोळणारी दोन नाणी निघाली. तेव्हा आधी कप्पे रिकामे करा, मग भिंत शोधा.

आडवाट

टायरबद्दल कोणी बोललंच नाही, मी बोलतो. हवा किती भरायची ते टायरवर लिहिलेल्या आकड्यावरून ठरवू नका. तो त्या टायरचा कमाल दाब आहे. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो, माणसं-सामान भरलं असेल तर किती, तेही तिथेच असतं. मोजायची ती टायर थंड असताना. हवामान दहा अंश सेल्सिअसने गार झालं तर साधारण दीड-दोन पीएसआय दाब आपोआप कमी होतो, म्हणून ऋतू बदलला की पुन्हा बघायचं. लांब पळून तापलेल्या टायरमधून ‘जास्त दिसते’ म्हणून हवा सोडू नका.

टायरचं वय बाजूवर कोरलेलं असतं. डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं होतं, म्हणून सहाव्या वर्षापासून दर वर्षी नीट तपासून घ्यावं. हे स्टेपनीलाही लागू. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसाळी रस्त्यासाठी मी त्याच्या बराच आधी बदलीन.

झीज कशी झालीय तेही बघा. मधोमध जास्त घासलाय तर हवा जास्त असते, दोन्ही कडा घासल्यात तर कमी, एकच कड गेलीय तर अलाइनमेंट. आणि बाजूच्या भिंतीत पंक्चर झालं असेल तर कोणी कितीही छातीठोकपणे सांगो, तो काढून टायर वापरू नका.

वाटाड्या

तपासणी झाली असेल तर आता जरा निघूया. माझी आवड घाटरस्ता. पहाटे वाहनं कमी असताना वर जायचं, माथ्यावर अर्धा तास बसायचं, निवांत उतरायचं. चढावर कूलंटची परीक्षा होते, उतारावर ब्रेकची आणि चालवणाऱ्याची.

हिशेबी

आणि उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल फुकट. आमच्याकडे सगळे असंच करतात.

चौथा गिअर

हिशेबी, हिशेबातच चूक आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होतं. चाकं इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला जिवंत राहायला इंधन द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये उलट जास्त जळतं.

आणि पेट्रोल हा छोटा मुद्दा आहे. न्यूट्रलमध्ये गाडी धरून ठेवण्याचं सगळं ओझं ब्रेकवर पडतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १५५पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर सतत पाय ठेवला की ब्रेक लाल होतात, ऑइल उकळतं, पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइलसारखी जोर पुढे नेत नाही. पॅडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं, गाडी किती चालली ते न बघता.

उतरायचं कसं? ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो साधारण त्याच गिअरमध्ये. वेग वाढतोय असं वाटलं की ब्रेक एकदा नीट दाबून वेग उतरवायचा आणि पाय काढायचा, ब्रेकला वारा लागू द्यायचा. ऑटोमॅटिकला एल, एस किंवा मॅन्युअल मोड असतो तो याचसाठी. काजवा, तुमच्यासाठी एक: बॅटरी शंभर टक्के भरून माथ्यावरून निघू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज घालायला जागा नसते, त्यामुळे मोटर गाडीला नेहमीसारखं धरत नाही.

हिशेबी

बरं, पटलं. इंधन बंद होतं हे खरंच माहीत नव्हतं. आता मायलेजचा आकडा बघत उतरेन.

पाचपन्नास

ब्रेकवरून आठवलं. मोटारीची पहिली लांब सहल एका बाईने काढली होती. ऑगस्ट १८८८मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी गाडी घेऊन दोन मुलांबरोबर निघाल्या, जर्मनीतल्या मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला. शंभरावर किलोमीटर. इंधन संपलं तेव्हा वाटेतल्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन हे पेट्रोलसारखं द्रव घेतलं, तुंबलेली इंधनाची नळी टोपीच्या पिनने मोकळी केली, चढावर मुलांनी गाडी ढकलली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले तर एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. घाटातल्या ब्रेकचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे म्हणायचा.

काजवा

आणि आपण एक चार्जिंग पॉइंट बंद निघाला तर आठवडाभर तक्रार करतो.

वाटाड्या

आमच्या चमूचा सगळ्यात आवडता खेळ सांगतो. वेळ-अंतराची रॅली. यात जोरात जाणारा हरतो, म्हणून घरच्यांना घेऊन खेळता येतो.

एकाने आधी जाऊन पन्नास-साठ किलोमीटरचा रस्ता आखायचा, गर्दी नसलेला. प्रत्येक वळणासाठी कागदावर एक ओळ: सुरुवातीपासून किती किलोमीटर, चौकाची खूण, आणि एखादी ओळखीची वस्तू. खूण काढणं सोपं. आपण जिथून येतो तिथे टिंब, जिथे जायचं तिथे बाण, मधले फाटे नुसत्या रेघा. नकाशा द्यायचा नाही, मोबाइलवर वाट बघायची नाही. शेजारी बसलेल्याने कागद वाचायचा, चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा.

मग प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरवून द्यायचा. तीस घ्या, हिशोब तोंडी होतो: मिनिटाला अर्धा किलोमीटर. म्हणजे १४ किलोमीटरच्या खुणेवर बरोबर अठ्ठाविसाव्या मिनिटाला पोचायचं. छत्तीस दिला तर मिनिटाला ६०० मीटर, इथे शेजारच्याचा घाम निघतो. खुणेपाशी पोचल्यावर शेजारच्याने फोटो काढायचा, फोटोवरची वेळ हाच पुरावा. उशीर झाला तर मिनिटाला एक गुण कापायचा, लवकर आलात तर दोन. हा दुप्पट दंड ठेवाच, नाहीतर पोरं पळवतात. सरासरी नेहमी रस्त्याच्या वेगमर्यादेच्या बरीच खाली धरायची, म्हणजे चुकलेल्यालाही मागे वळून सावकाश येता येतं.

एक बारकावा. दोन गाड्यांचे किलोमीटर कधीच तंतोतंत जुळत नाहीत, टायर किती झिजलाय यावरही थोडा फरक पडतो. म्हणून पहिले पाच किलोमीटर सगळ्यांनी सारख्याच रस्त्याने चालवायचे आणि आपला आकडा आखणाऱ्याच्या आकड्याशी ताडून बघायचा. पाच किलोमीटरला माझ्या गाडीने ५.१ दाखवले तर पुढचा प्रत्येक आकडा त्या मानाने वाढवून धरायचा. आमच्याकडे हे गणित सातवीतली मुलगी करते. बाप गप चालवतो.

सांजवेळ

हे भारी आहे! पण मी नवीन आहे, चौकात गाडी बंद पडते. असा काहीतरी खेळ सांगा जो एकटीने, कोणी बघत नसताना खेळता येईल.

वाटाड्या

सांजवेळ, परवानगी असलेलं मोकळं मैदान आणि पाण्याने भरलेल्या सहा-आठ बाटल्या. बाटली पुढे ठेवा, तिला न पाडता जितकं जवळ जाता येईल तितकं जा, उतरून अंतर बघा. पहिल्या वेळी बहुतेकांचं अंतर हातभर निघतं, कारण बॉनेटचं टोक सीटवरून दिसतच नाही. मग मागे. मग बाटल्यांमधून नागमोडी, मग रिव्हर्समध्ये तीच नागमोडी.

त्याआधी बसणं दुरुस्त करा. पाठ टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. आरशात आपल्याच गाडीचं अर्धं अंग दिसत असेल तर आरसे बाहेर फिरवा. डोकं खिडकीच्या काचेला टेकवून त्या बाजूचा आरसा असा लावा की गाडीची कड जेमतेम दिसेल. दुसऱ्या बाजूसाठी डोकं गाडीच्या मधोमध आणा. शेजारून पुढे जाणारं वाहन आतल्या आरशातून गेलं की बाहेरच्यात दिसायला हवं. तरी लेन बदलताना मान वळवायचीच.

एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्याची ओळखही मैदानात करून घ्या. चाळीसच्या वेगात, सीटबेल्ट लावून, मागे-पुढे कोणी नसताना ब्रेक जीव खाऊन दाबा आणि दाबूनच ठेवा. पॅडल पायाखाली धडधडतं. ते बिघडलेलं नसतं, तसंच चालतं. ही धडधड पहिल्यांदा खऱ्या प्रसंगी जाणवली तर माणूस दचकून पाय काढतो.

रात्रपाळी

आमची सहल सूर्यास्तानंतर निघते. शहराच्या दिव्यांपासून तीस-चाळीस किलोमीटर लांब, अमावास्येच्या आगेमागे. १२-१३ ऑगस्टच्या रात्री पर्सिड उल्का आणि १३-१४ डिसेंबरला जेमिनिड. ऑगस्टमध्ये ढग असतील तर डिसेंबरवर भरवसा ठेवा. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि कोणी दार उघडून आतला दिवा पेटवला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पोचल्या पोचल्या आतला दिवा स्विचने बंद करायचा. टॉर्चला लाल कागद. गाडी रस्त्यापासून पूर्ण आत, तोंड बाहेर जायच्या दिशेला करून. गाणी गाडीच्या सिस्टिमवर लावू नका, वर काकांनी बॅटरीचा हिशोब दिलाय तो आठवा.

खरी जोखीम परतीची. पहाटे तीन ते पाच डोळा लागतो. गार हवा, मोठ्याने गाणी याने झोप जात नाही. दुसरा ताजा चालक नसेल तर सरळ उजाडेपर्यंत झोपून मग निघा.

पाचपन्नास

आम्ही छापा-काटा खेळतो. गावाबाहेरच्या प्रत्येक फाट्यावर नाणं उडवायचं, छापा उजवीकडे, काटा डावीकडे. ठरवलेल्या वेळेतला निम्मा वेळ संपला की जिथे असू तिथून परत. इंधन अर्ध्याच्या वर असेल तरच निघायचं. नाणं उडवायचं काम मागच्या सीटचं.

मागच्या सीटवरून एक प्रश्न: धाकट्याला वळणांवर मळमळतं. उपाय?

रात्रपाळी

कान सांगतात आपण हलतोय आणि डोळे पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये स्थिर असतात, त्या भांडणातून मळमळतं. समोरचा लांबचा रस्ता दिसेल असं बसवा, मोबाइल बंद, काच थोडी उघडी. आणि तुमच्याकडून, वळणाच्या आधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही. मी हे केल्यावर घरात शांतता आहे.

आडवाट

मुलं बरोबर असतात म्हणून एक सांगतो. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी तापू शकते, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून मुलांना किंवा कुत्र्याला आत ठेवू नका.

खुळखुळा

येत्या रविवारी निघतोय, वाटाड्यांची रॅली. डिकीत काय काय हवं?

जुना पान्हा

जंपर केबल, हवेचा छोटा पंप, दाब मोजायचा मीटर, टॉर्च, धोक्याचा त्रिकोण, हातमोजे, पाणी. कूलंटची टाकी मिन-मॅक्सच्या मध्ये आहे ना ते निघण्याआधी, इंजिन गार असताना बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कोणीही, कधीही उघडायचं नाही.

आणि घरीच, सपाट जमिनीवर, एकदा स्टेपनी बदलून बघा. नट जॅक लावायच्या आधी सैल करायचे, चाक हवेत असताना नाही. बसवताना समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. घरी करायचं कारण, टायरवाल्याने मशीनने आवळलेले नट गाडीसोबत आलेल्या पान्ह्याने सुटतात का ते तिथेच कळेल. सुटले नाहीत तर त्याच्याकडे जाऊन सैल करून हाताने आवळून घ्या, किंवा लांब दांड्याचा पान्हा घ्या. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर ८०च्या वर जायचं नाही, आणि कुठलंही चाक बदललं की पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे.

खुळखुळा

एक नट वेगळाच दिसतोय, पान्हा बसतच नाही.

जुना पान्हा

चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला नट आहे तो. तो सोडवायला पान्ह्याला लावायची वेगळी टोपी असते, ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा स्टेपनीच्या खळग्यात बघा. ती सापडेपर्यंत निघू नका.